एकादशीचं टपाल

केतकीला ‘ऐकवा’ शिकवायला माझ्या हातात जेमतेम दोन तास होते.

“शैलजाताई, मला फक्त एवढंच सांगा,” खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसत ती म्हणाली, “ह्याच्यात मी काय काय केलंय?”

“तू आठशे चाळीस शब्द दिलेस. बहुतेक गावांची नावं. ती कशी उच्चारायची ते.”

“अगंबाई! कधी?”

“गेल्या अकरा महिन्यांत.”

“आणि तरी माझा पगार आहे तिथंच?” ती हसली. 

‘ऐकवा’ हा प्रोग्राम ज्यांना दिसत नाही त्यांना संगणकावरचं मराठी वाचून दाखवतो. कराडचे विद्याधर मोहोळकर नावाचे शिक्षक, स्वतः जन्मांध, शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो करायला घेतला आणि नेटवर सगळ्यांना उघडा ठेवला. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही त्यातलं काही सुधारून पाठवावं. आलेली प्रत्येक सुधारणा मोहोळकर सर स्वतः कानांनी ऐकून तपासणार आणि बरोबर असेल तर आत घेणार. आत काय घ्यायचं आणि काय नाही, ह्याची किल्ली एकट्या त्यांच्याकडे होती.

त्या दिवशी ते ती किल्ली द्यायला एस.टी.ने सांगलीला येत होते. केतकी मगदूमला. जिने ‘ऐकवा’ एकदाही उघडून पाहिला नव्हता.

“ते मला विचारतील की काहीतरी,” केतकी म्हणाली. “मी असं करते, ताई, नुसती हसते. हसणारी मुलगी हुशार दिसते.”

“त्यांना दिसत नाही गं.”

तिने जीभ चावली. “हो की.” मग हळूच, “ताई, हे बरोबर आहे का हो?”

मी पाण्याची बाटली उघडली आणि घोटभर पाणी प्याले. एकादशी होती. सकाळपासून पोटात तेवढंच होतं.

ह्याला आता सात वर्षं झाली. आमची कंपनी तेव्हा विश्रामबागेत एका फरशीच्या दुकानाच्या वर होती. मालक उदय साखळकर, आणि कामाला आम्ही बारा जण. मी तिथे लागले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. त्याआधीची अकरा वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं करण्यात गेली. त्या गेल्या, मग मी घरात बसूनच नवं नवं शिकले. पण मुलाखतीला गेले की समोरची पोरं माझ्या कुंकवाकडे आणि पिकलेल्या केसांकडे बघायची आणि ‘कळवतो’ म्हणायची. उदयसरांनी तसं केलं नाही. एक प्रोग्राम लिहायला दिला, तो बघितला, आणि म्हणाले, “ताई, सोमवारपासून या.” ते मी कधी विसरले नाही. तिथेच सगळी गोम होती.

आमचं मोठं गिऱ्हाईक परदेशी होतं. त्यांचा एक हट्ट होता. ज्या कंपनीची माणसं अशा उघड्या, फुकटच्या प्रोग्रामांना हातभार लावतात, तिलाच ते काम द्यायचे. प्रत्येकाच्या नावाचं नेटवर एक पान असतं, त्यावर वर्षभराच्या दिवसांच्या बारीक चौकटी. ज्या दिवशी तुम्ही काही पाठवलंत ती चौकट हिरवी, नाही पाठवलंत तर पांढरी. आमची बाराही पानं पांढरीफटक होती.

“रोज कोण बसणार ते करत?” उदयसर म्हणाले होते. “तुम्ही असं काहीतरी करा ताई, की आपोआप जात राहील. बारा घरं चालतात ह्या कामावर.”

मी केलं. तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मजा वाटली. महाराष्ट्रातल्या गावांची एक लांबलचक यादी मिळवली. प्रोग्राम त्यातून नाव उचलायचा, ठरलेल्या नियमाने त्याचा उच्चार तयार करायचा आणि बारातल्या कुणाच्या तरी नावाने ‘ऐकवा’ला पाठवून द्यायचा. एकेका पाकिटात एकच नाव, म्हणजे संख्या वाढते. कुणाचं सकाळी दहा दहाला, कुणाचं जेवणानंतर. मधूनच कुणीतरी दोन दिवस ‘आजारी’ पडेल अशीही सोय मी करून ठेवली, प्रत्येकाची वेगळी, म्हणजे संशय नको. दिवसाला अठरा-वीस पाकिटं. रविवारीसुद्धा.

फक्त एकादशीला नाही.

माझे नेम पहिल्यापासून आहेत. उठल्यावर आंघोळ करून तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, एकशे आठ वेळा नाव लिहायचं आणि मगच चहा. महिन्याच्या दोन्ही एकादश्या निर्जळी नाही, पण नुसत्या पाण्यावर आणि रात्री थोडं फळ. पहिल्या महिन्यातली एकादशी आली तेव्हा त्या प्रोग्रामचं बटण दाबायला माझा हात धजेना. मी त्यात दोन ओळी घातल्या: पंचांगात एकादशी असेल त्या दिवशी कुणाचंच काही जायचं नाही. उदयसरांना पांढऱ्या चौकटी दिसल्या, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. ते हसले. “बरं बाई. देवाच्या नावाने महिन्यातून दोन सुट्ट्या!” मला केवढं हलकं वाटलं होतं.

पुढे एक भलतंच झालं. मोहोळकर सर प्रत्येक पाकिटाला उत्तर द्यायचे. नुसतं ‘मिळालं’ नव्हे, पत्रच. ‘चि. केतकी, चाफळचा च चूल म्हणताना येतो तसा म्हणावा, चंद्र म्हणताना येतो तसा नव्हे. मी दुरुस्त करून घेतला आहे. तुमच्या चिकाटीचं कौतुक वाटतं.’ उत्तर द्यायला तर हवं. पत्रं मात्र माझ्याने मशीनवर टाकवेनात. ती मी स्वतः लिहायचे. केतकीच्या नावाने, आणि बाकीच्यांच्याही. केतकीला ते जास्त लिहायचे, म्हणून तिच्या नावाने जास्त. त्यांच्या अंगणातला कढीपत्ता, आमच्याकडचा महापूर, त्यांच्या शाळेतली मुलं. ती पत्रं लिहिताना मला बरं वाटायचं. अकरा महिन्यांनी त्यांनी लिहिलं: उजवा कान कधीच गेला, डाव्याचंही आता दोन वर्षांपलीकडे सांगता येत नाही, डॉक्टर म्हणतात. ऐकू येतं आहे तोवर ‘ऐकवा’ चांगल्या हातात सोपवायचा आहे. तुमच्याइतकं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी भेटायला येतो.

उदयसरांनी ते वाचलं आणि टेबलावर थाप मारली. “ताई! किल्ली आपल्या हातात येतेय! हे कळलं तर गिऱ्हाईक पाच वर्षं कुठं जात नाही!”

“सर, पण ते केतकीला द्यायला येतायत.”

“मग केतकी आहे ना? खोटी माणसं थोडीच उभी केलीत आपण?”



बरोबर अकराला ते आले. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी. एक हात काठीवर, दुसरा बायकोच्या खांद्यावर. काकू बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, काखेत स्टीलचा डबा धरलेल्या. जिना चढून दोघांना धाप लागली होती.

“एकवीस पायऱ्या,” सर म्हणाले. “आणि खाली फरशीचं दुकान. पॉलिशचा वास येतोय.”

उदयसरांनी त्यांना काचेच्या खोलीत नेलं. आमची बैठकीची खोली ती. एकच दार, खिडक्या उघडायच्या नाहीत अशा, एसी घरघरत असलेला. मला भिंतीकडची खुर्ची मिळाली. केतकी उठल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नव्हतं. केतकीच्या पलीकडे उदयसर, समोर सर आणि काकू. बाकीचे आपापल्या जागी बसून काचेतून बघत होते.

ते येण्याआधी उदयसरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ती अडली की तुम्ही वहीवर लिहून तिच्यापुढे सरकवा. त्यांना काय दिसतंय? काकूंना मी ऑफिस दाखवायला घेऊन जातो.”

“काकू, या ना, ऑफिस दाखवतो,” ते आता म्हणाले.

“नको हो, मी इथंच बरी,” काकू पदराने वारा घेत म्हणाल्या. “मशिनीतलं मला काय कळतंय.” आणि त्या थेट माझ्यासमोर बसल्या. मी पेनाचं टोपण लावलं.

“तर केतकीताई कुठं आहेत?” सरांनी विचारलं.

“मी इथं, सर. नमस्कार.”

त्यांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली, डावा कान पुढे करून. “तरुण आवाज आहे. पत्रांवरून जरा पोक्त वाटला होतात.”

“लिहिताना मी जरा... पोक्त होते सर.”

उदयसर मोठ्याने हसले. सरही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

“ह्यांची तुमच्यावर फार माया हो,” काकू केतकीला म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले कानाला विश्रांती द्या, ते हेडफोन लावून बसणं बंद करा. ह्यांचं आपलं एकच. मुलं इतक्या हौसेने पाठवतात, ठेवून कसं द्यायचं? रोज पाच-पाच तास.”

“इंदू,” सर म्हणाले.

“खोटं आहे का? एकेक शब्द पंधरा मिनिटं ऐकता. पुढून ऐकता, मागून ऐकता.”

केतकीने टेबलाखाली माझा हात पकडला.  

उदयसरांनी विषय बदलला. “सर, आधी थोडं खाऊन घ्या. सांगलीला येऊन भडंग खाल्लं नाही असं होता कामा नये.” स्वतः उठून त्यांनी बाहेरून मोठी परात आणली, प्रत्येकापुढे बशी ठेवली. माझी बशी त्यांनी रिकामीच ठेवली. त्यांना माहीत होतं.

“मी खाऊन निघालो,” सर म्हणाले. “तुम्ही घ्या सगळ्यांनी. केतकीताई, घ्या तुम्ही.”

केतकीची घाबरली की खायची सवय. तिने मूठभर तोंडात टाकलं. कुरकुरीत, नुकतं केलेलं भडंग. त्या बंद खोलीत त्याचा आवाज केवढा झाला.

सर ऐकत राहिले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“आज भडंग खाता तुम्ही?”

“हो सर. का?”

“एकादशी आहे आज.”

केतकीने घास गिळला. “मी नाही धरत, सर. आमच्याकडे आजी धरायची.”

“मग ती तुम्ही नव्हे,” सर म्हणाले.

ते रागाने म्हणाले नव्हते. वर्गात फळ्यावरचं उत्तर चुकलेल्या मुलाला सांगावं, तसं.

“कोण ती, सर?” उदयसर घाईने म्हणाले.

“सांगतो. मला दिवस कळतात ते घरातल्या आवाजावरून आणि वासावरून. दोन-तीन महिने गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, साबुदाणा परतल्याचा वास आला की त्या दिवशी सांगलीचं टपाल नसतं. आधी वाटलं योगायोग. मग हिला म्हटलं, पंचांग बघून सांग. बावीस एकादश्या झाल्या. एकदाही नाही. केतकीताईंचंच नव्हे, बारापैकी एकाचंही नाही. एरवी कुणी आज नसतं, कुणी उद्या नसतं. एकादशीला मात्र बाराही जण एकदम देवाला.” ते जरा हसले. “सांगलीत एवढी भक्ती असेल तर आनंदच आहे. पण मी शिक्षक होतो हो. बारा वह्यांत एकच अक्षर असलं की मला कळायचं.”

“अक्षर?” केतकीने विचारलं.

“बोटांना कळतं. आमच्या ब्रेल लिपीतही प्रत्येकाची टोचायची तऱ्हा वेगळी.” त्यांनी मान फिरवली, एसीच्या घरघरीतून काही शोधत असल्यासारखी. “म्हणजे काम करणारं माणूस एक आहे. बारा नावांआड लपून करतं. आपलं नाव पुढे येऊ देत नाही. एकादशी करणारं. मी त्या माणसाला भेटायला मुद्दाम आजचा दिवस धरून आलो. आज त्याला सवड असणार.”

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. “शेंगदाण्याचे लाडू आहेत, उपासाचे. म्हटलं, एकादशीच्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?” हे बोलताना त्या माझ्या रिकाम्या बशीकडे बघत होत्या.

उदयसर हुशार माणूस. एक क्षणही गेला नसेल. “आता तुम्ही ओळखलंतच, तर लपवून काय करायचं, सर,” ते आदराने म्हणाले. “ह्या आमच्या शैलजाताई कुंभोजकर. सगळं काम ह्यांचंच. पण स्वभावच असा, नाव नको म्हणाल्या. मग आम्हीच आमची नावं दिली.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून उघडले: होऊ द्या. बारा घरं. काचेपलीकडून सगळे बघत होते. कुलकर्ण्यांची सून पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती, शिकलगारने नुकताच फ्लॅट बुक केला होता. मला सगळ्यांचं सगळं माहीत होतं. आणि गंमत बघा, उदयसर बोलले त्यात शब्दाला शब्द लावला तर खोटं काही नव्हतं. काम माझंच होतं. नाव मला नकोच होतं.

“शैलजाताई,” सर म्हणाले. “बोला ना काहीतरी.”

“नमस्कार, सर.”

“हा. हा पत्रातला आवाज.” त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. “एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. विचारू?”

“विचारा.”

“दहातले तीन शब्द चुकायचे. मी दुरुस्त करायचो, तुम्हाला कळवायचो. तुम्ही इतक्या मनापासून उत्तर द्यायचात, लक्षात ठेवीन म्हणायचात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. पत्रातलं माणूस ऐकतं, कामातलं माणूस ऐकत नाही. असं का?”

“सर, कामाचा व्याप—” उदयसर म्हणाले.

“असेल, असेल. वय झालं की माझंही होतं तसं.” त्यांनीच मला वाट काढून दिली. मग शबनममध्ये हात घालून त्यांनी एक जाड कागद काढला. पोस्टकार्डाएवढा, पिवळसर, टोचलेल्या ठिपक्यांच्या चार ओळी. “ही किल्ली. तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून मी कानात सांगतो. एकदा लिहून घ्या, मग हा कागद मी फाडून टाकीन. अकरा वर्षं फक्त मला आणि ह्या कागदाला माहीत आहे.”

ते उठले. काकूंच्या खांद्याला धरून टेबलाला वळसा घालून आले. केतकीने खुर्ची पुढे ओढून त्यांना जागा करून दिली आणि मी आणखीनच भिंतीला टेकले. ते वाकले. सदऱ्याला साबणाचा वास होता. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, पहिल्या ओळीवर, आणि माझ्या कानाजवळ तोंड आणलं. उदयसर वही माझ्यापुढे सरकवत होते. पेनाचं टोपण त्यांनीच काढलं.

“सांगू नका,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळात बारीक. त्यांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी डावा कान पुढे केला.

“सर, सांगू नका. मी काम केलं नाही. मशीनने केलं.”

“कसली मशीन?”

“मी एक प्रोग्राम लिहिला होता. तोच नावं उचलायचा, तोच उच्चार करायचा, तोच पाठवायचा. चुका दुरुस्त करून त्याला सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. मी एकही शब्द ऐकलेला नाही, सर. एकही नाही.”

“शैलजाताई!” उदयसर म्हणाले.

सर सरळ उभे राहिले. बोट अजून कागदावरच होतं.

“त्याला किती वेळ लागायचा?”

“रोजच्या सगळ्याला मिळून दीड मिनिट.”

काकू “अगं आई गं” म्हणाल्या. एवढंच. 

“आणि पत्रं?” सरांनी विचारलं.

“पत्रं मी लिहिली. सगळी.”

“कढीपत्त्याचं?”

“तेही.”

त्यांनी बोट कागदावरून उचललं. मग म्हणाले, “एकादशीला का थांबवायचात? त्याला काय, मशीनच ती.”

“एकादशीला खोटं नको म्हणून.”

ते हसतील असं मला वाटलं. ओरडतील असंही वाटलं. त्यांनी कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिसा वरून चापून बघितला.

“म्हणजे बाकीचे अठ्ठावीस दिवस चालत होतं,” ते म्हणाले.

 अकरा महिने रोज पहाटे देवासमोर बसत होते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

“चल इंदू. बाराची गाडी मिळेल.”

काकूंनी डबा उचलला. दारापाशी गेल्या, तिथून परत आल्या. मी अजून भिंतीपाशीच होते. त्यांनी डबा उघडून एक लाडू माझ्या रिकाम्या बशीत ठेवला.

“उपास तरी खरा आहे ना?”

“खरा आहे.”

“मग खा,” त्या म्हणाल्या, आणि नवऱ्यासोबत एकवीस पायऱ्या उतरून गेल्या.

ते गेल्यावर उदयसर काचेच्या खोलीतच बसून राहिले. मला ते एवढंच म्हणाले, “ताई, एक मिनिट गप्प बसायचं होतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी माझ्या जागेवर जाऊन तो प्रोग्राम पुसला, राजीनामा लिहिला आणि लाडू रुमालात बांधून घरी आणला. ते परदेशी काम चार महिन्यांनी गेलं. घरं बंद पडली नाहीत. दुसरं, कमी पगाराचं काम मिळालं. शिकलगार मात्र आजही रस्त्यात भेटला की मान वळवतो. केतकी दसऱ्याला सोनं द्यायला येते.

दोन आठवडे मी संगणक उघडला नाही. मग एका सकाळी, नामाची वही लिहून झाल्यावर, हेडफोन लावून बसले. माहेरच्या गावाचं नाव घेतलं. पुढून ऐकलं, मागून ऐकलं. चाळीस मिनिटं लागली. माझ्या स्वतःच्या नावाने पाठवलं, सोबत पत्र नाही.

दुसऱ्या दिवशी परत आलं. ‘घेता येत नाही. शेवटचा ळ उमटत नाही. पुन्हा ऐका.’

सहा हजार शब्दांत त्यांनी एकही परत केला नव्हता. चुकलेले स्वतः सावरून घेतले होते. मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. मग पुन्हा ऐकायला बसले. तिसऱ्या खेपेला त्यांनी घेतला.

तेव्हापासून रोज एक. किल्ली पुढे नागपूरच्या एका मुलीकडे गेली, तिलाही दिसत नाही आणि तिचे कान माझ्याहून तिखट आहेत. ती माझे अजून परत करते. पण हे मी नंतरचं सांगतेय. त्या महिन्यात ती किल्ली सरांच्याच खिशात होती, आणि रोज एक पाठवायला लागल्यानंतरची पहिली एकादशी आली. सकाळचे नेम उरकले, पाणी प्याले, आणि सवयीने संगणकाकडे पाठ करून बसले. आज नाही, असं मनात आलं. मग उठले आणि हेडफोन लावले.

शब्द गेला. संध्याकाळी उत्तर आलं. घेतला की परत केला, ते त्यात नव्हतंच.

‘आज घरात साबुदाणा. आणि टपाल.’